निवृत्तीचा शोक आणि करुणरस

१

क्रीडेचा विषय वाङ्मयीन समीक्षेच्या कक्षेत यावा की नाही, असा प्रश्न या लेखाच्या आरंभीच कोणी उपस्थित केला तर तो अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. खेळ म्हणजे काव्य नव्हे आणि खेळाडू म्हणजे नट नव्हे. परंतु ज्या प्रसंगी सहस्रावधी माणसे एकाच भावनेने व्याकूळ होतात, ती भावना व्यक्त करण्यासाठी लेख, कविता, पत्रे आणि भाषणे यांचा पूर लोटतो, आणि त्या पुरात भाषेचे खरे-खोटे सारेच सामर्थ्य उघडे पडते, त्या प्रसंगाकडे साहित्याच्या अभ्यासकाने पाठ फिरवणे योग्य नव्हे. सचिन तेंडुलकर यांची निवृत्ती हा असा एक प्रसंग होता. १० ऑक्टोबर २०१३ रोजी त्यांनी आपला निर्णय जाहीर केला आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर आपल्या दोनशेव्या कसोटी सामन्यानंतर ते आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून कायमचे बाहेर पडले. या सुमारे पाच आठवड्यांत आणि त्यानंतरही काही काळ जे लिहिले-बोलले गेले, त्याला एका स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचे, निरोपाच्या वाङ्मयाचे, रूप आले होते.

या वाङ्मयाचा विचार करण्यास आता पुरेसे अंतर पडले आहे. भावनेचा भर ओसरल्यानंतरच तिची परीक्षा करता येते. ज्यांचे डोळे त्या दिवशी ओले झाले त्यांचा उपहास करण्याचा येथे हेतू नाही. पण ओल्या डोळ्यांनी जे लिहिले जाते ते सारेच करुणरसाचे वाङ्मय ठरत नाही, हे साहित्यशास्त्राने आपल्याला फार पूर्वी शिकविले आहे. तो धडा या उदाहरणावर पडताळून पाहावा एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

या विषयाला मराठी वाङ्मयाशी जोडणारा आणखीही एक धागा आहे. या खेळाडूचे वडील प्रा. रमेश तेंडुलकर हे मराठीचे अध्यापक, कवी आणि समीक्षक होते. ज्या घरात शब्दांचे मोल पारखले जात होते त्याच घरातून हा अल्पभाषी फलंदाज आला, आणि निरोपाच्या दिवशी त्याने जे शब्द उच्चारले त्यांना एक निश्चित घाट होता, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

२

प्रथम या शोकाचे स्वरूप निश्चित केले पाहिजे. नाट्यशास्त्रात करुण आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद सांगताना भरताने एक मार्मिक निकष दिला आहे. करुण हा निरपेक्ष असतो, विप्रलंभ हा सापेक्ष असतो. प्रिय व्यक्ती पुन्हा भेटण्याची आशा जेथे संपूर्णतः तुटली तेथे करुण; आशेचा तंतू जोवर शिल्लक आहे तोवर विप्रलंभ. हा निकष निवृत्तीच्या प्रसंगाला लावू गेल्यास एक चमत्कारिक अडचण उभी राहते. निवृत्त झालेला खेळाडू जिवंत आहे, निरोगी आहे, उद्या तो रस्त्यात किंवा सभेत दिसेल, बोलेल, हसेल. व्यक्ती कोठेही गेलेली नाही. मग शोक कोणाचा? पण ज्या रूपात आपण त्याला ओळखत होतो, हातात बॅट घेऊन, आकाशाकडे क्षणभर पाहून, खेळपट्टीकडे चालत येणारे ते रूप पुन्हा कधीही दिसणार नाही. व्यक्तीच्या बाजूने पाहिले तर वियोगच नाही. भूमिकेच्या बाजूने पाहिले तर वियोग निरपेक्ष आहे. नट रंगपटात सुखरूप बसलेला आहे आणि त्याने रंगविलेले पात्र मात्र मृत झाले आहे, अशी ही स्थिती होय.

रंगभूमीवर हे सहसा घडत नाही. नट वृद्ध झाला तरी पात्र वृद्ध होत नाही. ते दुसऱ्या नटाच्या देहात पुन्हा उभे राहते. बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका केल्या तेव्हा प्रेक्षकांनी त्यांच्या वर्तमान देहापेक्षा आपल्या स्मृतीतील रूपच पाहिले, असे जाणकार सांगतात. रंगभूमीवर अशी सवलत मिळू शकते, कारण तेथे सारा व्यवहारच कल्पनेच्या संमतीने चाललेला असतो. चेंडू मात्र अशी सवलत देत नाही. त्याला फलंदाजाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. म्हणून क्रीडेतील वार्धक्य पस्तिशी-चाळिशीतच येते, सर्वांच्या डोळ्यांदेखत येते आणि स्मृतीच्या पडद्याआड लपत नाही. तेंडुलकरांचे शंभरावे आंतरराष्ट्रीय शतक १६ मार्च २०१२ रोजी मीरपूर येथे झाले. नव्याण्णवावे १२ मार्च २०११ रोजी नागपूरला झाले होते. मधल्या एका वर्षाची प्रतीक्षा ज्यांनी केली त्यांनी भूमिका आणि देह यांतील हे ताणलेले नाते प्रत्यक्ष अनुभवले आहे.

या शोकाला आकार येतो तो शेवटाच्या योजनेमुळे, आणि येथे क्रीडेचा इतिहास कोणत्याही नाटककारापेक्षा अधिक लहरी आहे. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हल मैदानावर डॉन ब्रॅडमन आपल्या अखेरच्या कसोटी डावासाठी आले तेव्हा धावांची सरासरी शंभर राखण्यास त्यांना केवळ चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिस यांच्या दुसऱ्याच चेंडूवर ते शून्यावर त्रिफळाचीत झाले आणि सरासरी ९९.९४ वर कायमची थांबली. याच्या अगदी उलट उदाहरण विजय मर्चंट यांचे. १९५१ साली दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी १५४ धावा केल्या, ती त्यांची कसोटीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली, आणि तोच त्यांचा अखेरचा कसोटी डाव ठरला. ‘का गेला’ असे लोक विचारतील तेव्हाच जावे, ‘का जात नाही’ असे विचारीपर्यंत थांबू नये, हे त्यांच्या नावावर सांगितले जाणारे वचन निवृत्तीच्या सौंदर्यशास्त्राचे सूत्रच मानले जाते. सुनील गावसकर यांचा अखेरचा कसोटी डाव १९८७ च्या मार्चमध्ये बंगळूर येथे पाकिस्तानविरुद्ध झाला. फिरकीला साथ देणाऱ्या अवघड खेळपट्टीवर त्यांनी ९६ धावा केल्या आणि भारत १६ धावांनी हरला. शतकाला चार धावा कमी, विजयाला सोळा धावा कमी, आणि तरीही पूर्णत्वाचा प्रत्यय देणारा तो डाव होता.

या तिन्ही शेवटांत एक समान गुण आहे. त्यांपैकी एकही शेवट कोणी घडवून आणलेला नव्हता. ब्रॅडमनच्या शून्याला कोणी लिहिले नव्हते, मर्चंटांच्या शतकाला निरोपाचे लेबल लावलेले नव्हते. तेंडुलकरांचा शेवट मात्र योजिलेला होता. स्थळ ठरले, तिथी ठरली, प्रतिस्पर्धी ठरला. आईला आपला खेळ प्रत्यक्ष पाहता यावा म्हणून शेवटचा सामना मुंबईत व्हावा अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी झाली. या इच्छेचे मोल कोणीही कमी लेखणार नाही. परंतु योजिलेल्या शेवटाला एक किंमत द्यावी लागते. वेस्ट इंडीजचा संघ १८२ आणि १८७ धावांत गारद झाला, भारताने एक डाव आणि १२६ धावांनी विजय मिळविला, आणि सामना तिसऱ्याच दिवशी संपला. संघर्ष जवळजवळ नव्हताच. जेथे संघर्ष नाही तेथे उत्सव होऊ शकतो, नाट्य होत नाही. खरे नाट्य, माझ्या मते, २ एप्रिल २०११ रोजी याच मैदानावर विश्वचषक जिंकल्यानंतर सहकाऱ्यांनी त्यांना खांद्यावर घेतले तेव्हाच पूर्ण झाले होते. पुढील अडीच वर्षे हा उपसंहार होता, आणि उपसंहार लांबला की प्रेक्षकांचे लक्ष कथेवरून कथाकाराकडे वळते.

३

आता या प्रसंगी चाहत्यांनी जे लिहिले आणि उच्चारले त्याकडे वळू. त्या काळातील मराठी लेखन चाळले असता दोन-तीन कल्पना पुनःपुन्हा भेटतात. एक म्हणजे ‘युगान्त’. दुसरी म्हणजे ‘देव’. तिसरी, आणि सर्वांत प्रामाणिक, म्हणजे ‘आमचे बालपण संपले’.

‘युगान्त’ हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला आहे की त्याला आता कोणतीही धार राहिलेली नाही. कोणीही प्रसिद्ध पुरुष दिवंगत किंवा निवृत्त झाला की आपल्याकडे एक युग संपते. अशी युगे दर महिन्यास दोन-तीन संपू लागली तर कालगणनाच अशक्य व्हावी. ‘देव’ ही कल्पना अधिक गंभीर विचाराला पात्र आहे. क्रिकेट हा धर्म आणि सचिन हा देव, अशा आशयाचे फलक मैदानोमैदानी झळकले. भक्तीची परंपरा ज्या भाषेच्या हाडीमाशी खिळली आहे त्या भाषेत हे रूपक सहज सुचावे हे स्वाभाविक आहे. परंतु करुणरसाच्या दृष्टीने हे रूपक आत्मघातकी आहे. देवाला वय नसते, देवाचे कोपर दुखत नाही, देव निवृत्त होत नाही. ज्या क्षणी आपण त्याला देव म्हटले त्या क्षणी त्याच्या जाण्यातील माणूसपण आपण पुसून टाकले, आणि माणूसपण पुसले की करुणाचे आलंबनच नाहीसे होते. उरतो तो केवळ घोष.

या घोषाचा एक अनिष्ट परिणाम त्या सामन्यातच दिसून आला. १४ नोव्हेंबर रोजी भारताचा दुसरा गडी बाद झाला तेव्हा मैदानावर प्रचंड जल्लोष झाला. कारण आता तेंडुलकर खेळायला येणार होते. आपल्याच संघाचा गडी बाद झाल्याचा आनंद! या एका क्षणात एकाची भक्ती समग्र खेळाच्या रसास्वादाला कशी ग्रासून टाकते हे स्पष्ट होते. नायकावरील प्रेमापोटी प्रेक्षकाने नाटकातील इतर पात्रांच्या मृत्यूला टाळ्या वाजवाव्यात, तसा हा प्रकार होय. त्या डावात चेतेश्वर पुजारा यांनी ११३ आणि रोहित शर्मा यांनी नाबाद १११ धावा केल्या. ती शतके किती जणांच्या स्मरणात आहेत?

तिसरी कल्पना, आपले बालपण संपल्याची, ही मात्र सहजासहजी बाजूला सारता येत नाही. तेंडुलकरांचा पहिला कसोटी सामना १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सुरू झाला आणि त्यांचा अखेरचा डाव १५ नोव्हेंबर २०१३ रोजी संपला. बरोबर चोवीस वर्षे. ज्याने पहिला सामना शाळेच्या बाकावरून उठून जाऊन पाहिला, त्याची स्वतःची मुले अखेरच्या सामन्याच्या वेळी शाळेत जात होती. नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, आईवडील गेले, गावे बदलली. आणि या साऱ्या उलथापालथीत ‘सचिन खेळतो आहे का?’ हा एक प्रश्न कायम राहिला. त्याची निवृत्ती म्हणजे स्वतःच्या तारुण्याची घटिका भरल्याची सूचना होती. चाहते रडले ते बहुतांशी स्वतःसाठी रडले.

यात खोटे काहीच नाही. पण येथेच साहित्यशास्त्र आपल्याला सावध करते. अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत स्वतःच्या सुखदुःखांनी विवश होणे हे एक प्रमुख विघ्न आहे. प्रेक्षक जोवर स्वतःच्या दुःखात बुडालेला आहे तोवर त्याला समोरच्या दुःखाचा आस्वाद घेता येत नाही. भाव साधारण होत नाही, तो खाजगीच राहतो. निरोपाच्या वाङ्मयाचा मोठा भाग याच कारणाने फसला. त्यात तेंडुलकर हे निमित्तमात्र होते आणि लेखकाच्या आठवणी हाच विषय होता. आपण तेव्हा कोणत्या चाळीत राहत होतो, दूरदर्शन संच कोणाकडे होता, कोणत्या परीक्षेचा अभ्यास बुडाला, हे सारे सांगून झाल्यावर त्या फलंदाजाच्या फटक्याविषयी एक वाक्यही उरत नसे.

येथे बडोद्याशी निगडित असलेल्या एका जुन्या विचाराचे स्मरण होते. १९२१ साली बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेशी एकरूप होतो. तो एकाच वेळी आपणही असतो आणि तो दुसराही असतो. आणि या द्विविध अनुभवातूनच वाङ्मयाचा आनंद निर्माण होतो, असे त्यांचे म्हणणे होते. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, ते येथे उगाळण्याचे कारण नाही. पण खेळाच्या प्रेक्षकाचे वर्णन करण्यास याहून नेमकी संज्ञा सापडणे कठीण आहे. मैदानाबाहेर बसलेला कारकून खेळपट्टीवरील फलंदाज होतो, आणि तरीही आपण कारकून आहोत हे त्याला पूर्ण ठाऊक असते. चेंडू सरळ बॅटने सीमेपार गेला की त्याच्या मनगटातही काही हलते. ही समाधी चोवीस वर्षे टिकली. निवृत्तीने तिचे एक टोक काढून घेतले. मागे राहिले केवळ दुसरे टोक, म्हणजे स्वतः प्रेक्षक. चाहत्यांचे लेखन आत्मकेंद्रित झाले याचे मूळ येथे आहे. दोन खांबांवर बांधलेल्या दोरीचा एक खांब काढला की दोरी दुसऱ्याच्याच पायाशी पडते.

तेव्हा चाहत्यांचा दोष भावनेत नव्हता, तो अभिव्यक्तीच्या घाईत होता. याचा पुरावा त्यांच्याच वर्तनात सापडतो. १५ नोव्हेंबरला ७४ धावांवर नरसिंग देवनारायण यांच्या गोलंदाजीवर सॅमी यांनी स्लिपमध्ये झेल घेतला तेव्हा त्या गजबजलेल्या मैदानावर क्षणभर शांतता पसरली. मग सारे प्रेक्षक उभे राहिले आणि टाळ्यांचा गजर झाला. त्या क्षणभराच्या शांततेत देव नव्हता, युग नव्हते, कोणाचे बालपण नव्हते. एक फलंदाज बाद झाला होता आणि तो पुन्हा येणार नव्हता. शोक साधारण झाला तो त्या एका क्षणी, शब्द येण्यापूर्वी.

४

त्या प्रसंगातील खरी वाङ्मयीन कृती कोणत्याही लेखकाने निर्माण केली नाही. ती स्वतः खेळाडूने केली. १६ नोव्हेंबर रोजी सामना संपल्यावर तेंडुलकर यांनी सुमारे वीस मिनिटे भाषण केले. हाती नावांची एक यादी होती. कोणाचे नाव विसरू नये म्हणून ती आणल्याचे त्यांनी आरंभीच सांगितले. वरवर पाहता ही केवळ आभारांची जंत्री होती. परंतु तिची रचना पाहिली की तिच्यामागील संस्कार ध्यानात येतो.

प्रथम वडील. १९९९ साली विश्वचषक स्पर्धा चालू असतानाच ते निवर्तले; अंत्यसंस्कारासाठी मुलगा मुंबईस आला आणि परत जाऊन ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध नाबाद १४० धावा काढून आला. वयाच्या अकराव्या वर्षी मिळालेले स्वातंत्र्य आणि आडवाटेने यश शोधू नये हा उपदेश, एवढेच त्यांनी वडिलांविषयी सांगितले. नंतर आई. नंतर शाळेजवळ राहणारे काका-काकू, ज्यांच्या घरी शाळकरी वयातील चार वर्षे गेली. नंतर भावंडे: पहिली बॅट देणारी बहीण, आणि खेळातील गुण ओळखून गुरूकडे नेणारा भाऊ. नंतर पत्नी आणि मुले. नंतर गुरू, सहकारी, वैद्य, व्यवस्थापक, आणि सर्वांत शेवटी चाहते. हा क्रम ऋणांचा आहे. पितृऋण, मातृऋण, गुरुऋण या कल्पना आपल्या मनात ज्या क्रमाने रुजलेल्या आहेत जवळजवळ त्याच क्रमाने हे भाषण चालते. आकडे त्यात जवळपास नाहीत. दोनशे कसोटी, १५,९२१ धावा, शंभर शतके, यांपैकी कशाचाही उच्चार करण्याची गरज वक्त्याला भासली नाही. इतर साऱ्यांनी त्यांच्या मिळकतीचा हिशेब मांडला, त्यांनी मात्र आपल्या कर्जाचा हिशेब मांडला.

भाषण इंग्रजीत झाले याची खंत काही मराठी जनांना वाटली. ती समजण्याजोगी आहे. परंतु भाषणाचा घाट लक्षात घेता ही खंत फारशी टिकत नाही. सारा देश ऐकत होता. आणि मौजेची गोष्ट अशी की ते भाषण मराठीत आणले म्हणजे अधिक नेमके होते. इंग्रजीत ज्या एकाच शब्दाने काका, मामा, आत्याचे यजमान आणि शेजारचे गृहस्थ हे सर्वच संबोधले जातात, तेथे मराठीत ‘काका’ म्हटले की घर, नाते आणि त्या नात्याची जबाबदारी एकदम उभी राहते. ‘सर’ हा शब्द तर रमाकांत आचरेकर यांच्या संदर्भात इंग्रजी राहिलाच नाही. शिवाजी पार्कवर त्याला ‘गुरुजी’ या शब्दाचेच वजन आहे. परक्या भाषेचे वस्त्र अंगावर घेतलेले हे एक मराठी भाषण होते.

या भाषणाचा उत्कर्षबिंदू गुरूच्या उल्लेखात आहे. एका दिवशी दोन-दोन सामने खेळता यावेत म्हणून आचरेकर सर आपल्या स्कूटरवरून शिष्याला मुंबईभर नेत असत. पण ‘चांगला खेळलास’ असे ते त्याला कधीही म्हणाले नाहीत. शिष्य समाधानी होईल ही त्यांना भीती होती. आता पुढे सामनेच उरले नसल्याने त्यांनी तसे म्हणून पाहायला हरकत नाही, असे तेंडुलकर विनोदाने म्हणाले. मैदान हसले. करुणाच्या ऐन भरात हास्याची ही लकेर आली आणि तिने करुण कमी न होता गडद झाला. चोवीस वर्षे साऱ्या जगाने केलेली स्तुती एका पारड्यात आणि गुरूने न उच्चारलेला एक शब्द दुसऱ्या पारड्यात. आणि दुसरे पारडे जड! चाहत्यांच्या सहस्रावधी विशेषणांवर याहून सौम्य आणि याहून तीव्र भाष्य होऊ शकले नसते. ज्याला लोक देव म्हणत होते तो स्वतःला अजून विद्यार्थी समजत होता.

चाहत्यांविषयी बोलताना त्यांनी आपल्यासाठी उपास-प्रार्थना करणाऱ्या अनोळखी माणसांचा उल्लेख केला, आणि आपल्या नावाचा घोष शेवटच्या श्वासापर्यंत कानांत घुमत राहील असे सांगितले. येथे मात्र समीक्षकाने थोडे थांबले पाहिजे. या वाक्यात उत्कटता आहे, पण ती त्या प्रसंगाला अपेक्षित अशीच आहे. भाषणाच्या आधीच्या भागात जो अनलंकृत नेमकेपणा होता तो येथे किंचित सैल होतो. तथापि नंतर जे घडले त्याने हा सैलपणा भरून काढला. सहकाऱ्यांच्या खांद्यांवरून मैदानाची फेरी झाल्यावर ते एकटेच खेळपट्टीजवळ गेले, वाकून तिला हात लावला, तो हात कपाळी नेला आणि डोळे पुसत परतले. आखाड्यातील माती कपाळाला लावणारा मल्ल आणि प्रवेशापूर्वी रंगभूमीला वंदन करणारा नट, यांची परंपरा ज्याला ठाऊक आहे त्याला या कृतीचे भाष्य करून सांगावे लागत नाही. वीस मिनिटांच्या ऋणनिर्देशात एक नाव राहिले होते, ते या कृतीने पूर्ण झाले.

५

येथे हा लेख संपविता आला असता. परंतु त्याच सामन्यातील आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय निरोपाच्या वाङ्मयाचे मूल्यमापन अपुरे राहील.

त्या सामन्याचा मानकरी तेंडुलकर नव्हते. तो बहुमान डावखुरा फिरकी गोलंदाज प्रग्यान ओझा याला मिळाला. दोन्ही डावांत पाच-पाच, असे दहा गडी त्याने बाद केले. त्याचे वय तेव्हा २७ होते. चोवीस कसोटी सामन्यांत त्याचे ११३ बळी झाले होते. त्यानंतर तो भारताकडून एकही कसोटी सामना खेळला नाही. म्हणजे १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावरून दोन कसोटीपटू कायमचे बाहेर पडले. एकाच्या जाण्याची वार्ता साऱ्या जगाला होती; दुसऱ्याच्या जाण्याची वार्ता त्याला स्वतःलाही नव्हती. एकाला वीस मिनिटांचे भाषण, मानवंदना आणि त्याच दिवशी ‘भारतरत्न’ची घोषणा लाभली, दुसऱ्याने, आपल्या पुढे अजून पुष्कळ सामने आहेत या समजुतीत, पारितोषिक हाती घेतले. २०२० च्या फेब्रुवारीत त्याने रीतसर निवृत्ती जाहीर केली तेव्हा कोणतेही युग संपल्याचे कोणी लिहिले नाही.

जी घटना पात्राला अज्ञात आणि प्रेक्षकाला ज्ञात असते तिच्यातून नाटककार करुण निर्माण करतो. येथे पात्रालाही अज्ञात आणि प्रेक्षकालाही अज्ञात; केवळ काळाला ज्ञात. म्हणूनच त्या दिवशी तेथे रस निर्माण होऊ शकला नाही. तो आज, मागे वळून पाहताना होतो. निरोपाचे वाङ्मय लिहिणाऱ्यांपैकी कोणाचीही यात चूक नाही. भविष्य कोणाला दिसते? पण ज्या वाङ्मयाने एकाच्या जाण्याचे गीत इतक्या उच्च स्वरात गायिले त्याने पुढे तरी ही दुसरी बाजू हाताळावयास हवी होती. प्रस्तुत लेखकाच्या वाचनात तशी गंभीर मराठी कृती आलेली नाही.

आणि हे काही एकट्या ओझाचे भाग्य नव्हे. निरोप मिळणे हाच अपवाद आहे. विजय हजारे यांचे उदाहरण पाहावे. सांगलीत जन्मलेले हजारे बडोद्याचे झाले. १९४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाविरुद्ध गुल महंमद यांच्यासह त्यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. १९४८ च्या जानेवारीत अॅडलेड येथे ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध एकाच सामन्यात ११६ आणि १४५ अशी दोन शतके काढली. आणि १९५२ साली मद्रास येथे भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. ज्या दिल्लीच्या सामन्यात मर्चंटांनी आपला अखेरचा कसोटी डाव १५४ धावांनी सजविला त्याच सामन्यात दुसऱ्या बाजूला उभे राहून हजारे यांनी नाबाद १६४ धावा केल्या होत्या. मर्चंटांचा तो शेवट प्रत्येक क्रीडालेखकाला तोंडपाठ आहे. हजारे यांचा अखेरचा कसोटी सामना १९५३ साली दूर किंग्स्टन येथे झाला, ही गोष्ट किती जणांना सांगता येईल? तेथे ना भाषण झाले, ना मिरवणूक. अबोल, चिवट, जबाबदारीने वाकलेला हा फलंदाज जसा खेळला तसाच गेला. २००४ च्या डिसेंबरात वडोदऱ्यातच त्यांचे निधन झाले.

तेव्हा निवृत्तीच्या शोकाची खरी कसोटी कोणती? माझ्या मते ती अशी: गेलेल्याविषयी बोलताना आपली नजर त्याच्या खेळावर स्थिर राहते की स्वतःच्या आठवणींवर घसरते, आणि एकाच्या तेजाने दिपलेल्या डोळ्यांना शेजारून मुकाट्याने जाणारा दुसरा दिसतो की नाही. या कसोटीवर २०१३ चे निरोपाचे मराठी वाङ्मय बव्हंशी उणे उतरते. त्यात भावनेचे दारिद्र्य नव्हते, अवधानाचे होते. उलट ज्याच्याविषयी ते लिहिले गेले त्याचे स्वतःचे भाषण या कसोटीस उतरते, कारण त्यात वक्ता स्वतःकडे न पाहता, हातातील यादीकडे पाहत, इतरांची नावे घेत राहतो.

अध्यापकांनी विद्यार्थ्यांना करुणरस शिकविताना सीतात्याग आणि अजविलाप यांची उदाहरणे द्यावीतच. परंतु वर्गातील मुलांनी जे स्वतः पाहिले आहे तेही त्यांच्यापुढे ठेवावे. ते भाषण मराठीत उतरवून द्यावे, त्याचा क्रम तपासायला सांगावा, आणि मग त्या सामन्याचा धावफलक हाती देऊन विचारावे की येथून त्या दिवशी किती जण निवृत्त झाले. पहिले उत्तर ‘एक’ असे येईल. धावफलक दुसऱ्यांदा वाचायला लावणे, हेच शिक्षकाचे काम आहे.